ओहोटीत उभी केलेली गाडी

मामाने मला सिल्वासाला आणलं, हे मी कधी नाकारलेलं नाही. सातवीत शाळा सुटली, गावात दुसरं काही नव्हतं. त्याने धाग्याच्या कंपनीत शब्द टाकला, नरोलीत खोली बघून दिली. सख्खा मामा नव्हे, आईच्या माहेरचा. पण त्याच्यामुळं पोटापाण्याला लागलो. देवापुढं हात जोडताना त्याचंही नाव घेतो, अजूनही.

तोही विसरू देत नाही. शिफ्ट सुरू होताना सगळ्यांसमोर खांद्यावर हात टाकणार. "मी आणलं तुले इथं, भाचा. ध्यानात ठेव."

कंपनीत मोबाईल गेटवर जमा करतात. म्हणून घरच्यांकडं मामाचा नंबर होता. तो सुपरवायझर, त्याचा फोन खिशातच. वडील गेले त्या सकाळी फोन त्यालाच आला. त्यानंतर तो माझ्या मशीनवरून किती वेळा गेला असेल. एकदा तुटलेला धागा दाखवला, एकदा बॉबिन बदलायला सांगितलं. आणि संध्याकाळी गेटवर, मी चप्पल घालत असताना, सांगितलं.

"मधेच सांगितलं असतं तर मशीन उभं राहिलं असतं," तो म्हणाला. "तूही घाबरून कुठं हात घातला असतास. काम झाल्यावर सांगितलं. काय बिघडलं?"

धुळ्याला पोचलो तोवर चुलतभावाने अग्नी दिलाही होता. तेरावं करून पुन्हा त्याच मशीनवर उभा राहिलो. नोकरी जाईल, खोली जाईल, ही भीती मला झोपेतही असते. पण ते "काय बिघडलं" मी जपून ठेवलं.

पुढं मामाने नवी मोटारसायकल घेतली, हॅन्डलला पूजेचा हार घातला. सुट्टीच्या दिवशी म्हणाला, "चल, समुद्र दाखवतो तुले." खरं म्हणजे गाडीबरोबर त्याचे फोटो काढायला माणूस हवा होता. मी भाकरी, ठेचा, कांदा बांधून घेतला आणि मागं बसलो.

उदवाड्याला आलो. पारशांचं जुनं गाव. बुटकी कौलारू घरं, उंच ओटे, उंबऱ्यापुढं खडूची नक्षी. बरीचशी दारं बंद. एका ओट्यावर आरामखुर्चीत एक म्हातारा बसला होता, तो आमच्याकडं बघत राहिला. बेकरीतून नानकटाईचा वास येत होता. इतकं शांत गाव, की मामाने हॉर्न वाजवला तेव्हा मलाच लाज वाटली.

गाव संपलं की दगडी बांध, त्याखाली वाळू. पाणी लांब, पार लांब गेलेलं. ओल्या, टणक वाळूत एक होडी कलंडून पडली होती. मामाने गाडी सरळ खाली घातली, होडीच्या सावलीत उभी केली. आमच्याकडं पांझरेच्या पात्रात अशीच घालतात. उन्हाळ्यात नदी एका कडेला धार धरून असते आणि तिथंच राहते. समुद्रही तसाच, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर मलाही.

फोटो झाले. मामा बांधावर सावली बघून बसला. मी पाण्याची बाटली भरायला गेलो. तिथं एक बाई बोंबील वाळत घालत होती.

"भाई, गाडी उपर लई लो," ती म्हणाली. "भरती आवे छे. होडी तरशे, गाडी नहीं तरे." आणि हसली.

मी हात जोडले. परक्या मुलखात आपणहून कोण कुणाला सांगतं? त्या बाईचे उपकार मी मानतो, तिने सांगितलेलं मी पुढं सांगितलं नाही तरी.

परत आलो. मामाला भाकरी वाढली. ठेचा वाढला. त्याने पोटभर खाल्लं, गमछा तोंडावर घेतला आणि घोरायला लागला. मी बघत बसलो. आधी टायरच्या खुणा गेल्या. मग पाणी चाकाला लागलं आणि मागं हटलं, पुन्हा आलं. नोकरी, खोली, सगळं डोळ्यापुढं येत होतं. तरी उठलो नाही. पाणी इंजिनावर चढलं, होडी हलायला लागली, हॅन्डलचा हार सुटून वाहत निघाला, तेव्हा मी त्याला हलवलं.

"मामा, गाडी."

तो कमरेपर्यंत पाण्यात धावला. कोळ्यांनी दोर लावून गाडी ओढून काढली. बांधावर आल्यावर त्याने माझी कॉलर धरली.

"तुले माहीत होतं?"

"हो. त्या बाईने सांगितलं होतं."

"मग तवाच बोलला का नाही?"

"मधेच सांगितलं असतं तर तुमचं जेवण राहिलं असतं, मामा. झोप झाल्यावर सांगितलं. काय बिघडलं?"

त्याने हात उगारला होता. तो तसाच खाली आला.

गाडी ढकलत आम्ही त्याच गल्लीतून परत निघालो. म्हातारा खुर्चीतच होता. मामा पुढं, मी मागून जोर लावत. त्या दिवशी मला ओझं लागलं नाही.

कामावरून काढतील म्हणून मी कितीतरी दिवस जेवलो नाही नीट. पण काढायचं तर कारण सांगावं लागणार, आणि माझं उत्तर सांगितलं की त्याचंही पितळ उघडं पडणार. मामा गप्प राहिला. "मी आणलं तुले" हेही बंद झालं.

गाडी त्याने दुरुस्त करून घेतली, पण खारं पाणी आत मुरलं ते मुरलंच. बटणावर सुरू होत नाही, किक मारावी लागते. शिफ्ट सुटली की गेटवर तो किक मारत असतो. मी चप्पल घालता घालता ऐकतो. कधी पहिल्याच किकला सुरू झाली, तर खोलीपर्यंत माझं मन कडू असतं.