डोळे मिटून केलेला बॅकअप

गावात राहून कॉम्प्युटरचं काम करायचं असेल तर एक गोष्ट कुणालाही सांगू नये, ती म्हणजे आपण कॉम्प्युटरचं काम करतो. पुण्यातली खोली सोडून मी कोकणात मिठबावला घरी आले आणि पडवीत टेबल टाकून नोकरी सुरू केली, तेव्हा ही अक्कल मला नव्हती. वीसेक वर्षं मी कंपन्यांचे सर्व्हर सांभाळलेत. बॅकअप घेणं आणि पासवर्ड विसरणाऱ्या लोकांवर न ओरडणं, एवढंच खरं तर माझं काम. पण वाडीतल्या लोकांच्या लेखी वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या खात्यात येते. इन्व्हर्टर, टीव्हीचा रिमोट, विहिरीवरचा पंप. एकदा एक आजी कानाचं यंत्र घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्येच्यात सगळा आयकाक येता, फक्त सुनेचो आवाज येना नाय." मी तपासून सांगितलं, यंत्र उत्तम चाललंय.

त्यामुळे शेजारचे तांडेलकाका टॉवेलात काहीतरी गुंडाळून अंगणाच्या दगडी गडग्यावरून आत आले, तेव्हा मी नाही म्हणायच्या तयारीतच होते. तांडेल म्हणजे होडीवरचा म्होरक्या. मासेमारी बंद होती, त्यांची होडी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झाकलेली होती, आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. त्यांनी टॉवेल उलगडला. आत होडीवरचा जुना जीपीएस.

"ह्येका काय झाला बघ गो. उजवे बाजून काळोख चढता."

खरंच, स्क्रीनची उजवी बाजू काळी पडली होती आणि तो काळोख डावीकडे सरकत होता. काकांच्या उभ्या जन्माचे पॉइंट त्या यंत्रात होते. मासळी कुठे लागते ते पॉइंट, आणि पाण्याखाली जाळं फाडणारी खडपं कुठे आहेत तेही पॉइंट. ते त्यांनी सख्ख्या भावालाही कधी सांगितले नव्हते. ते गेले असते तर नव्या हंगामात काका आंधळ्यासारखे समुद्रात उतरले असते आणि पहिल्याच दिवशी जाळ्याच्या चिंध्या घेऊन परतले असते.

"दुसरी कॉपी खंय आसा?" मी विचारलं.

"कॉपी कित्या? चोरांका?"

मोठमोठ्या साहेबांच्या तोंडून हेच उत्तर मी बऱ्याच वेळा ऐकलंय. ते फक्त जास्त शब्दांत देतात.

मी स्पष्ट सांगितलं की यंत्र आज चालू आहे, उद्याचं काही खरं नाही. नवा जीपीएस त्यांनी घाटावरच्या एका दुकानातून मागवून ठेवला होता, तो खोक्यातच होता. पण जुन्याची वायर लावायची जागा खाऱ्या हवेने खाल्ली होती. म्हणजे जुन्यातला एकेक आकडा बघायचा आणि नव्यात हाताने टाकायचा, दुसरा इलाज नाही. काकांनी बराच विचार केला.

"टाक," म्हणाले. "पण बघू नको."

माझं डोकं फिरलं. सर्व्हर दुरुस्त करा पण हात लावू नका, असं सांगणाऱ्या लोकांपासून दूर म्हणून मी गावी आले होते. तरी शांतपणे, थोडं ज्ञान पाजळायला म्हणून, मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे फार मोठा पासवर्ड असला तर तो दोघांत अर्धा अर्धा वाटतात, म्हणजे एकट्याला काही उघडता येत नाही. काकांचा चेहरा उजळला.

"मगे तसाच करूया!"

समुद्रातल्या प्रत्येक जागेचे दोन आकडे असतात, एक उत्तरेचा आणि एक पूर्वेचा. एकटा आकडा कुणाच्याच कामाचा नाही. तेव्हा उत्तर माझ्याकडे आणि पूर्व काकींकडे, असं ठरलं. काकी म्हणजे त्यांची बायको. त्या बाजारात मासे विकतात आणि त्यांचा आवाज खाडीच्या पलीकडे जातो.

आम्ही त्यांच्या पडवीत बसलो आणि काकांनी आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा घेऊन त्याला चाकूने एक खिडकी पाडली. तो पुठ्ठा जुन्या स्क्रीनवर धरायचा. खिडकीतून मला उत्तरेचा आकडा दिसला की मी तो नव्या यंत्रात टाकायचा. मग काका पुठ्ठा सरकवणार, दोन्ही यंत्रं टॉवेलाखालून काकींकडे जाणार, आणि काकी टॉवेलात डोकं घालून पूर्वेचा आकडा टाकणार. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाठ करून बसायचं. तोंडाकडेही बघायचं नाही, कारण काकांना भीती होती की चेहऱ्यावरून आकडा कळेल. रस्त्याने जाणारं कुणी आत डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं की काकी सर्दीचा वाफारा घेतायत आणि मी रुसून बसलेय.

अख्खी दुपार यात गेली. सगळं झाल्यावर मी नव्या यंत्रावर नकाशा उघडला. नोकरीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते, की काम केलं म्हणजे झालं असं नसतं, उघडून बघितल्यावरच झालं म्हणायचं. मी उघडून बघितलं. समुद्रात एकही ठिपका नव्हता. काकांचे सगळे पॉइंट घाट चढून वर गेले होते. काही राधानगरीच्या जंगलात, बरेचसे कोल्हापूरकडच्या उसात, आणि एक वाट चुकून घाटाखालीच, दोडामार्गात केळीच्या बागेत.

"काका, तुमची सुरमय आता उसात गावतली."

काकी हसायला लागल्या. काकांना हसू येईना.

कारण शोधायला मला वेळ लागला नाही. दुकानदाराने नवं यंत्र घाटावर चालवून बघितलं होतं, त्यामुळे पूर्वेच्या रकान्यात सुरुवातीचे दोन अंक घाटावरचेच भरलेले होते. आणि काकांनी जास्तीची खबरदारी म्हणून जुन्या यंत्रातले पूर्वेचे तेच दोन अंक पुठ्ठ्याखाली झाकले होते. काकींना वाटलं, रकान्यात आधीच आहे तो बरोबर असणार, आणि त्यांनी पुढचेच अंक टाकले. त्यांची काहीच चूक नव्हती. आधीच भरून आलेल्या रकान्यावर कधी विश्वास ठेवू नये, आणि दोघं अर्धं अर्धं बघत असतील तर चूक कुणालाच दिसत नाही. हे मी मीटिंगांमध्ये घसा फोडून सांगितलंय, आणि त्या दिवशी स्वतःच टॉवेलाच्या अलीकडे बसले होते.

तोवर जुन्या स्क्रीनवरचा काळोख आकड्यांना टेकला होता.

"आता?" काकांनी विचारलं.

"आता एकाच माणसान दोनय आकडे बघूचे. डोळे उघडे ठेवून. काकीन नायतर मी."

काकींनी हात झटकले. "माका नको गो बाय. माझ्या तोंडात तीळ भिजना नाय, सगळ्या बाजाराक ठावक आसा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मोठ्या कंपन्यांच्या तिजोरीच्या किल्ल्या म्हणाव्यात असे पासवर्ड मी सांभाळलेत. ते मला कागदावर सही घेऊन, चहा पिता पिता दिले होते. हा माणूस मात्र उठून अंगणात गेला, झापांखालच्या होडीकडे बघत उभा राहिला, परत आला आणि त्याने पुठ्ठा फाडून टाकला. मला खरोखर भीती वाटली. एवढ्या वर्षांत कुणी माझ्यावर इतकं जिवावर येत असूनही विश्वास टाकला नव्हता.

आता मी आकडा टाकायचा, मोठ्याने वाचायचा आणि काकांनी मान हलवायची. पण मी पहिला आकडा वाचताच ते किंचाळले, "हळू!" गडग्यापलीकडे कुणी ऐकलं तर? मग काकींनी स्वयंपाकघरात ओल्या खोबऱ्याचं वाटण करायला मिक्सर लावला, आणि त्या घरघराटात मी काकांच्या कानाशी आकडे ओरडत बसले. प्रत्येक पॉइंटला काकांनी नाव दिलं होतं, तेही वाचायला लागत होतं. मी "मेव्हणा!" असं ओरडले, आणि नेमका तेव्हाच मिक्सर थांबला.

काकी भांड्याचं झाकण हातात घेऊन दारात आल्या. "ह्यो खंयचो मेव्हणो?"

"खडप आसा," काका पुटपुटले. "तीनदा जाळा फाडल्यान त्येना."

"माझ्या भावाक खडप केलात?"

काकींनी क्षणभर विचार केला. "तसा शोभता हां," म्हणाल्या आणि त्यांनी परत मिक्सर लावला.

शेवटचा पॉइंट चढला तेव्हा जुन्या यंत्रावर दिसण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. नकाशावर सगळे ठिपके निमूट समुद्रात उतरले होते. मी एका मेमरी कार्डावर त्यांची प्रत केली आणि कार्ड काकींच्या तांदळाच्या डब्यात ठेवायला लावलं. काकांना बजावलं की जपायची गोष्ट नेहमी दोन ठिकाणी असली पाहिजे.

"आसा मां," ते माझ्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाले. "एक यंत्रात, दुसरी तुझ्या टकलेत."

मी हसले. ते हसले नाहीत. कार्डाला त्यांनी जमेतच धरलं नव्हतं.

हंगाम सुरू झाला आणि काकांनी माझ्या तब्येतीचा ताबा घेतला. मी माडाखाली खुर्ची टाकून बसले की गडग्यापलीकडून हाक येते, "थय बसू नको गो, टकलेर नारळ पडात!" स्कूटर काढली की उतारावर सावकाश जायला सांगतात. परवा मीटिंगमध्ये मला खोकल्याची उबळ आली, तर मीटिंग संपायच्या आत काकी गरम कुळथाचं कढण घेऊन हजर. पडद्यावर सगळी टीम बघत होती. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. पुण्यात एकदा मी तापाने खोलीत एकटी पडून होते, तेव्हा ऑफिसातून फोन आला होता. पासवर्ड हवा होता. मी सांगितला, फोन बंद झाला. त्या वेळी त्याचं मला काहीच वाटलं नव्हतं. आता वाटतं.

खरी गोष्ट अशी की मला त्यातला एकही आकडा आठवत नाही. त्याच दिवशी जेवायला बसायच्या आत मी सगळे विसरले होते. आमच्या धंद्यात ती सवयच लागते. काकांना सांगून टाकायचं असं मी पुष्कळदा ठरवलं. डब्यात कार्ड आहे, त्यांचं काही बिघडणार नाही.

काल ते होडीवरून परस्पर माझ्याकडे आले. दोन ताजे सरंगे मासे पायरीवर ठेवले, गडग्याकडे बघून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "सगळे आसत मां गो? एकव हरवूक नाय मां?"

तपासल्याशिवाय बॅकअप ठीक आहे असं मी नोकरीत आजवर कधी म्हटलेलं नाही.

"सगळे आसत, काका," मी म्हणाले.

"मगे त्या खोकल्याचा औषध घे वेळेर," ते म्हणाले आणि गेले.

जेवण झाल्यावर मी बाटली शोधून काढली आणि मुकाट दोन चमचे औषध घेतलं.