आत्याचे धवले

फुकट ते पौष्टिक, या तत्त्वावर माझं संगीत चालतं. सॉफ्टवेअर फुकटचं, ढोलाचे आवाज फुकटचे आणि चुका काढणारेही फुकटचेच, एका ऑनलाइन ग्रुपवरचे. तिथे आम्ही हौशी मंडळी एकमेकांच्या गाण्यांची चिरफाड करतो.

माझी आत्या धवलारीण. लग्नात मांडवात बसून धवले गायची. लग्नाशिवाय धवला तोंडातून काढायचा नसतो, म्हणून मुरबाडकडच्या एका लग्नात तिच्यासमोर मोबाइल धरून मी सगळे रेकॉर्ड केले. पुढे दोनच महिन्यांत तिच्या गळ्यातली गाठ काढली आणि गाता आवाज गेला तो गेलाच, बोलण्यापुरता घोगरा तेवढा उरला.

त्या धवल्यांना मी ढोल लावला आणि मिनिटभराचा तुकडा ग्रुपवर टाकला. कुठल्याशा थंड देशातल्या एका म्हाताऱ्याने मूळ रेकॉर्डिंग मागून घेतलं आणि लिहिलं, "ढोल बाईंच्या मागे चालव. बाईंना ढोलामागे फरफटवू नकोस." माझं डोकंच फिरलं. आमच्या लग्नातलं तुला काय कळतं, असं सुनावून मी त्याच्याशी बोलणं बंद केलं.

एका शुक्रवारी आत्याचा फोन आला. "रविवारी येते रे. माझा आवाज ऐकव. कसा होता तो, मलाच आता आठवत नाय."

मी लॅपटॉपवर गाणं उघडलं. ढोल वाजला, आत्या नाही. आठवड्यापूर्वी जागा हवी म्हणून मी मोबाइल रिकामा केला होता आणि लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंगचं फोल्डरही उडवलं होतं. गाण्याची फाइल आहे ना, मग झालं! पण त्या फाइलमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज नसतोच, तो कुठे ठेवलाय एवढंच लिहिलेलं असतं. ग्रुपवर नवशिक्यांना हे मीच दहादा सांगितलंय. ग्रुपवरच्या तुकड्यात आत्या ढोलाखाली पार दबलेली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी. म्हाताऱ्याला माफीचा मेसेज टाकला. उत्तर नाही. महिनाअखेरीस मी जुन्या फायली काढून टाकतो, असं त्यानेच कधीतरी लिहिलं होतं, आणि महिना उलटून चार दिवस झाले होते. किन्हवलीत आमच्या घरात रेंज धड नाही, म्हणून शनिवारभर मोबाइल घेऊन एसटी स्टँडपर्यंत चकरा मारल्या. घरात कुणी जेवायला बोलावलं तरी अंगावर जात होतो. आत्याला येऊ नको म्हणायची हिंमत झाली नाही.

रविवारी आत्या यायच्या तासभर आधी रेकॉर्डिंग आलं. सोबत एवढंच लिहिलेलं, "बाईंचा आवाज पुसायला हात धजावला नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ढोल न लावता मी ते आत्याला ऐकवलं. सुरुवातीचं बोलणं मी कचरा म्हणून कापलं होतं, ते यात तसंच होतं. आत्याचा जुना, खणखणीत आवाज आला, "चालू झाला का रे?"

आत्या लॅपटॉपकडे झुकली आणि घोगऱ्या आवाजात हळूच म्हणाली, "झाला गो. म्हण तू."