एका ओळीची हरकत

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी इथं घेणार आहे, आणि तेही एकेरीत, कारण डोकं फिरलेलं असताना 'अहो-जाहो' लिहायला माझा हात वळत नाही. तोंडावर मी 'अहो'च म्हणते. तर भागवत. रोहिणखेडच्या स्टँडवर त्याचा फोटो स्टुडिओ आहे. गावातली लग्नं, साखरपुडे, बारशी, शाळेचं गॅदरिंग, सरपंचाचे सत्कार, सगळं त्यानंच काढलेलं. कॅमेरा हातात असला की हा माणूस लोण्यासारखा मऊ. नवरीची आई रडायला लागली तर तिला खुर्ची आणून देईल. कॅमेरा खाली ठेवला की मात्र तापलेला तवा. वीज गेली की राग, आणि आली की 'आता कायले आली' म्हणून राग.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत एक लोखंडी डबा दिवसभर घुरघुरत असतो. बुलढाण्याच्या कुठल्याशा ऑफिसानं भंगारात काढलेला सर्व्हर. त्यात आठ हार्ड डिस्क आणि त्या आठांना ताब्यात ठेवणारं एक कार्ड. एकेका फोटोचे तुकडे आठही डिस्कांवर वाटलेले असतात, आणि कोणता तुकडा कुठं हे फक्त त्या कार्डाला ठाऊक. कार्ड गप्प बसलं तर गावाच्या सगळ्या लग्नांचा नुसता चुरा. डबा चालतो तो जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या, फुकट मिळणाऱ्या, कुणालाही उघडून बघता येणाऱ्या सिस्टिमवर. त्या सिस्टिमला कार्डाची भाषा समजावी म्हणून मधे एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मी अंगणवाडी सेविका. मला हे सगळं कसं ठाऊक, तर हा डबा आल्यापासून घरात दुसरं काही कानावर पडलेलंच नाही.

आमच्या भागात वीज कशी जाते ते सांगायला नको. काही वर्षांपूर्वी वीज गेली आणि परत आली की त्या कार्डाला दोन डिस्क सापडेनात. भागवत महिनोन्‌महिने त्या डब्याशी भांडला आणि शेवटी त्याच्या लक्षात आलं, की ड्रायव्हरनं जरा जास्त वेळ वाट पाहिली तर डिस्क सापडतात. आमचा हर्षल तेव्हा बारावीला होता. त्यानं ते इंग्रजीत लिहून त्या सिस्टिमवाल्यांना पाठवलं. परदेशातल्या कुणा माणसानं ती दुरुस्ती घेतली आणि ड्रायव्हरच्या फाईलमध्ये वरच लिहिलं, 'वीज गेल्यानंतरची दुरुस्ती : भागवत, रोहिणखेड'. ती ओळ ह्यानं छापून, लॅमिनेट करून काउंटरच्या मागं लावली. गिऱ्हाइकांना वाटतं दुकानाचं लायसन आहे.

यंदा दिवाळीनंतर ती सिस्टिम सांभाळणाऱ्या एका माणसाचा मेल आला. मोबाईलवर मराठी करून दोघांनी वाचला. हा ड्रायव्हर जुना झाला, कुणी सांभाळत नाही. वापरणारं कुणी असेल तर एक ओळ लिहून कळवा. कुणाचीच हरकत आली नाही तर सिस्टिमच्या पुढच्या आवृत्तीतून काढून टाकू. जुन्या आवृत्तीवर काही दिवस निभावलं असतं, पण नव्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ तिच्यावर उघडतच नव्हते. म्हणजे नवी घ्यायची तर कार्ड मुकं, आणि कार्ड मुकं तर स्टुडिओ बंद.

भागवत उठला तो थेट उत्तमरावांच्या चहाच्या हॉटेलात.

"इतके साल झाले, रोज चालून राह्यलं माहं कार्ड," तो म्हणाला. "अन् हे म्हणते वापरणारं कोणी नाही. मी कोणीच नाही का बे?"

"बरोबर हाये भाऊ," उत्तमराव म्हणाले. "आपल्याले कोण इचारते."

झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ज्यांना डिस्क म्हणजे काय ते ठाऊक नाही, तेही 'कार्डावर अन्याय झाला' म्हणून मांडी थोपटायला लागले. दोन चहात ह्याचा राग निवायचा आणि हा शीळ घालत घरी यायचा. हाच माणूस, गेल्या साली शाळेजवळचा एसटीचा थांबा हलवायची सूचना लागली तेव्हा, याच हॉटेलात सगळ्यांवर गरजला होता, की तोंडानं बोंबलून काही होत नाही, लेखी हरकत द्या लागते. कुणी दिलं नाही, थांबा गेला. तेव्हा ह्यानं गावाला मूर्ख ठरवलं होतं.

मी विचारलं, "लिहिलं का?"

"लिहितो ना."

आठवड्यानं विचारलं, तरी लिहितो ना. मग एक दिवस म्हणाला, "तुले काय समजते त्यातलं?"

इथं माझा पारा चढला. "मले एवढं समजते," मी म्हटलं, "का त्यानं हरकत मागतली तुमाले, अन् तुम्ही ते रोज उत्तमरावले देऊन राह्यले."

त्यानं हातातलं लेन्स पुसायचं फडकं भिरकावलं. मी ते उचललं नाही. मग तो इतक्या हळू बोलला, की मला आधी नीट ऐकूच आलं नाही.

"कसा लिहू? तेव्हा हर्षलनं लिहून देल्लं होतं."

मग बाहेर आलं. ह्यानं हर्षलला फोन केला होता. पुण्याला कंपनीत लागलेलं आमचं रत्न म्हणालं, "बाबा, ते भंगार फेकून द्या आता." ह्यानं विचारलं, मोबाईलवर इंग्रजी करून मीच पाठवू का, तर म्हणालं, "तसलं काही पाठवू नका, लोक हसतात." एवढंच. त्यानंतर ह्या माणसाचा हात उठेना. जगावर ओरडणारा हा गडी पोराच्या एका वाक्याला घाबरून बसला होता, आणि ते झाकायला रोज हॉटेलात जाऊन गरजत होता.

मला आधी पोराचा राग आला. लगेच फोन लावला आणि सांगितलं, "ज्याले तू भंगार म्हणतं, त्याच्यावरच तुही शाळा झाली, कॉलेज झालं, पुण्याची खोली झाली. बापाले हसणारे लोक कोण, त्यायचं नाव सांग मले." तो 'अगं आई, तसं नाही' म्हणत होता. मी फोन ठेवला. मग ह्याचा राग आला. एवढं मनात होतं तर घरात सांगायला काय झालं होतं?

"मराठीत लिहा," मी म्हटलं.

"मराठीत? त्यायले काय समजते मराठी?"

"आपण त्यायचं इंग्रजी मोबाईलवर मराठी करून वाचतो ना? त्यायनं तुमचं मराठी तसंच वाचावं. हात मोडले का त्यायचे?"

तो माझ्याकडं पाठ करून बसला आणि एका बोटानं टाइप करायला लागला. मला अंगणवाडीत जायचं होतं, मी गेले. संध्याकाळी कळलं की मेल परत आला होता. ह्याच्या प्रत्येक मेलखाली स्टुडिओची रंगीत जाहिरात आपोआप चिकटते, आणि ते लोक साध्या अक्षरांशिवाय काही घेत नाहीत. जाहिरात काढायची म्हणजे ह्याच्या जिवावर आलं असणार. पण काढली आणि पुन्हा पाठवला. ह्या वेळी गेला.

उत्तर लवकरच आलं. तुम्ही वापरता हे कळलं ते बरं झालं, ड्रायव्हर ठेवतो. फक्त प्रत्येक नवी आवृत्ती आली की तुमच्या कार्डावर चालवून बघत जा आणि कळवत जा. खाली लिहिलं होतं, तपासणारा : भागवत.

मला वाटलं आता तरी शांत होईल. दुसऱ्या दिवशी उत्तमरावांच्या शेजारच्या किराणा दुकानात मी गूळ घेत होते. आतून आवाज आला.

"असा ठोकला त्याले मी. म्हटलं, कार्डाले हात लावून दाखव फक्त. लागला सुतासारखा सरळ."

हॉटेल खूश. उत्तमरावांनी आणखी एक चहा टाकला.

मी घरी आले आणि घरच्या कॉम्प्युटरवर ह्यानं पाठवलेला मेल उघडला. आमच्या बोलीतला एकही शब्द त्यात नव्हता, सगळं पुस्तकातलं मराठी. 'साहेब, मी हे कार्ड रोज वापरतो. कृपया काढू नका. आपला नम्र, भागवत.'

मला हसू यायला हवं होतं. आला तो राग. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि दर वेळी जास्तच आला. आमच्या लग्नाला वीसच्या वर वर्षं झाली. पाणी दे. चहा टाक. शर्ट कुठं ठेवला. तुले काय समजते. ह्याच्यापलीकडं ह्या माणसाला भाषा येत नाही, असं मी धरून चालले होते. म्हटलं, स्वभावच तसा, काय करणार. आणि ज्याचं तोंड पाहिलं नाही, पाहणार नाही, त्या कुठल्या माणसाला साहेब, कृपया, आपला नम्र. म्हणजे येत होतं. घरात वापरायचं नव्हतं.

दुपारी तो जेवायला आला. मी वांग्याची भाजी आणि भाकर वाढली आणि समोर बसले. त्यानं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठच नाही यात. आण."

मी जागची हलले नाही. "आधी कृपया म्हणा," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. मी मेल वाचला हे त्याला तेव्हाच कळलं. त्याचे कान लाल झाले. हातातला घास तसाच राहिला. एकदा त्यानं माझ्या मागं ओट्यावर ठेवलेल्या मिठाच्या बरणीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं.

मग त्यानं मान खाली घातली आणि सगळी भाजी अळणीच खाल्ली.