दसऱ्याला पुजलेली पेटी

शेजारच्या तात्यांकडं वडिलांच्या काळातलं विलायती रिव्हॉल्वर आहे, पण त्यांचा खरा जीव त्याच्या पुठ्ठ्याच्या पेटीवर. पेटीच्या कडेला कंपनीचं पिवळं पडलेलं लेबल आहे. चहाला गेलं की तात्या चष्मा कपाळावर सारतात, पेटी नाकाजवळ धरतात आणि मला तेच पुन्हा शिकवतात, "हे अक्षर पॉलिशचं. ह्यो आकडा नळीच्या इंचाचा. अन् ह्यो बंदुकीचा नंबर, मुठीखाली हाय तोच." पाटोद्याहून, घाटनांदूरहून हौशी लोक आपापल्या पेट्या दाखवायला येतात. तात्या तोंडावर सांगतात, "पेटी निकेल पॉलिशच्या बंदुकीची, अन् आतली बंदूक तर निळी. फसलास बे!"

निवडणुकीत सगळ्या परवानेवाल्यांबरोबर त्यांनीही रिव्हॉल्वर ठाण्यात जमा केलं. निकाल लागला, बाकीच्यांनी हत्यारं घरी आणली. तात्या गेलेच नाहीत. दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो, तर त्यांनी पूजेला पाटावर रिकामी पेटी मांडली होती. तेवढ्यात थोरला मुलगा आला. मित्राच्या लग्नात हवेत बार काढायला त्याला रिव्हॉल्वर हवं होतं.

"साहेबानं अजून सोडलं न्हाई," लेबलाशेजारी झेंडूचं फूल ठेवत तात्या म्हणाले.

मुलगा पाय आपटत निघून गेला. ‘तुमचं घेऊन जा’ असे ठाण्यातून निरोप येतात, हे मला ठाऊक होतं. मी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं.

"काय बघतोस? नळी किती इंचाची ते लिवलंय ह्याच्यावर. कुणाकडं वळंल, ते न्हाई लिवलेलं."