धरलं? सोडू?

माझा मामा काचा बसवतो. घरांच्या खिडक्या, दुकानांचे दर्शनी भाग, केशकर्तनालयातले भिंतभर आरसे. गल्लीत त्याला सगळे 'आरसा' म्हणतात आणि तो ओ देतो.

एरवी मामाचं बोलणं म्हणजे काटकसर. "ये. बस. घे चहा." वाक्य लांबलं तर मध्येच तडकेल अशी त्याला भीती वाटत असावी. पण हातात काच घेऊन तो रस्त्यावर आला की गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातो: "काच! काच येतेय, काऽऽच!" तिसरी काच वरच्या पट्टीत. हा आवाज मी इतका हुबेहूब काढते की एकदा भाजीवाल्याने घाईघाईने हातगाडी बाजूला घेतली, आणि मागे वळून नुसती मीच दिसल्यावर माझा यथेच्छ उद्धार केला.

काच नेहमी उभी धरतात. आडवी धरली तर आपल्याच वजनाने मधोमध मोडते. आणि काच धरलेल्या माणसाला कुणीही, कधीही 'सांभाळून' म्हणायचं नसतं. मामा नवशिका असताना भिंतभर आरसा उचलून चालला होता आणि त्याच्या उस्तादांनी नेमकं तेच केलं. "अरे, सांभाळू..." एवढंच झालं.

"मग?" असं मी दरवेळी विचारते.

"मग काय," मामा म्हणतो, "जमिनीवर शंभर उस्ताद. शंभरच्या शंभर मला शिव्या देत होते."

म्हणून काच एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना ही मंडळी ठरलेलंच बोलतात. देणारा विचारतो, "धरलं?" घेणारा म्हणतो, "धरलं." मग, "सोडू?" आणि, "सोड." हे 'सोड' कानावर पडेपर्यंत देणाऱ्याने बोटसुद्धा हलवायचं नाही, आभाळ कोसळलं तरी.

मामी त्याला भेटली ती यातच. ती कापडाच्या दुकानात कामाला होती. मामा तिथे दर्शनी काच बसवायला गेला आणि त्याचा जोडीदार ऐन वेळी चहाला पळाला. मामाने गल्ल्याजवळच्या मुलीला विचारलं, "जरा दुसरी कड धरता?" तिने धरली, आणि मामाने शिकवलं तसं 'धरलं', 'सोड' अचूक बोलली. काच चौकटीत बसली, मामा मात्र जागचा हलला तो कायमचाच. माझी आई अजून म्हणते, "आमचा येडा मागणी घालतानासुद्धा याच्यावर एक शब्द जास्त बोलला असेल तर शपथ!"

मामीचे दिवस भरले आणि तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर बसलो. मामा बसला नाही. बाहेर वारा होता आणि खिडकीची काच खडखडत होती. मामाने खिशातला पुठ्ठ्याचा तुकडा काढला, दुमडला, फटीत सारला. खडखड थांबली. मग तो पुढच्या खिडकीशी गेला. मामीची आई प्रश्न विचारायची आणि उत्तरंही तीच द्यायची: "एवढा वेळ लागतो का? लागतो हो, पहिलटकरणीला लागतो. काळजीचं नाही ना काही? नाही, कसलं आलंय!"

दार उघडलं. सिस्टर बाहेर आल्या. यांचं बोलणं थेट नाकातून येतं, तोंडाचा संबंध नाही. "मुलगी झालीय. आई छान, बाळ छान. वडील कोण?"

मामा शेवटच्या खिडकीशी होता. तो वळला आणि म्हणाला, "इथल्या काचा कुणी बसवल्यात हो?"

आणि भर दुपारी सगळ्यांसमोर हमसून रडायला लागला.

इथवर सगळं गोड होतं. पंचाईत झाली ती नंतर. मामा बाळाला हातात घेईना.

सिस्टर बाळ पुढे करत म्हणाल्या, "घ्या. सांभाळून हं!" मामाचे हात जे मागे गेले ते पाठीशीच राहिले. मामीची आई म्हणाली, "घ्या ना, जावईबापू. पण मानेला सांभाळून!" आई म्हणाली, "अरे घे, खात नाही ती तुला! सांभाळून मात्र." शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी, काही कारण नसताना, आपल्या परीने एक 'सांभाळून' घातलं.

"हात खरखरीत आहेत," मामा म्हणाला. मामीच्या आईने हातांना लावायला तेल दिलं. "आता निसटेल," मामा म्हणाला. "मग धुवून ये!" आई म्हणाली. तो धुवून आला. "ओल्या हाताने काच... बाळ कसं घेणार?" आईने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशीही तेच. मामा यायचा, पाळण्यावर वाकायचा, मुलीकडे इतकं बघायचा की तिच्यात त्याला स्वतःचं तोंड दिसत असावं. पण हात पाठीशी.

त्या दुपारी आई आणि मामीची आई चहाला खाली गेल्या. मी खाटेच्या पायथ्याशी बसून सिस्टरांचा नाकातला आवाज मनातल्या मनात घोटत होते. मामी चारचौघांत मामाला 'अहो' म्हणते, दोघंच असले की 'अरे'. मी तिच्या हिशोबात चारचौघांत मोडत नाही.

"खरं सांग," ती हळूच म्हणाली, "तुला आवडली नाही का रे ती?"

मामाचा चेहरा असा झाला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"आवडली नाही?" तो म्हणाला. "अगं, म्हणूनच तर." तो पाळण्याकडे वळला. "सगळे सांभाळून, सांभाळून म्हणतात. माझे हात कापतात गं. आणि ही काही बदलून आणता येणार नाही."

मामी उशीला टेकून जरा वर सरकली. बाळ उचललं, दोन्ही हातांवर घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं. 'घे' म्हणाली नाही. 'ये' नाही, 'बघ' नाही. थांबली.

मामाचे हात पाठीमागून निघाले. ते अजून कापत होते. बाळाच्या खाली गेले आणि तिथे कापायचे थांबले.

"धरलं?" मामीने विचारलं. अगदी काचवाल्यांच्या सुरात.

मामा म्हणाला, "धरलं."

"सोडू?"

याच वेळी चहाला गेलेल्या दोघी परत आल्या. मामीच्या आईने 'सां' म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या आईने ते आपल्या तळहाताने बंद केलं. शेजारच्या बाई उठून बसल्या. मामी हलली नाही. मामाने सोड म्हटल्याशिवाय ती सोडणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

"सोडू का रे?" मामी म्हणाली. सगळ्यांसमोर, 'रे'!

"सोड," मामा म्हणाला.

तिने सोडलं.

आता मामाच्या हातात मौल्यवान वस्तू आली की ती उभीच होणार. त्याने मुलीला सरळ उभं केलं, एक हात खाली, एक मानेमागे. "अहो, आडवं! बाळ आडवं धरतात!" सिस्टर दारातून ओरडल्या.

"आडवं धरलं की मोडतं," मामा म्हणाला.

सिस्टरांचं नाक काही क्षण बंद पडलं. मान धरलेली होती हे बघून त्या म्हणाल्या, "बरं, छातीशी टेकवा तरी. आणि या माझ्यामागून, वजन करायचंय." बाळ मामाच्या खांद्याला लागलं, आणि मामा दवाखान्याच्या लांबलचक बोळात शिरला. समोरून स्ट्रेचर येत होतं, भेटायला आलेल्यांची झुंबड होती, एक आजोबा काठी टेकत मधोमध चालले होते. मामाने श्वास घेतला.

"काच! काच येतेय, काऽऽच!"

बोळ दुभंगला. माणसं भिंतीला चिकटली, स्ट्रेचर जागच्या जागी थांबलं, आजोबांनी काठीसकट एका खोलीत उडी घेतली. मधून मामा गेला, सरळ, पावलं मोजून टाकत, आणि त्याच्या खांद्यावर ती चिमुरडी, एवढ्या गलक्यात डोळेसुद्धा न उघडता. बापाच्या आवाजाची तिला नऊ महिन्यांची सवय होती.

परत आला तेव्हा मामीची आई हात पसरून तयार. "द्या, द्या इकडे! भूक लागली असेल ना? लागली असणारच."

मामा थांबला. "धरलं?"

"अहो, हो, द्या की!"

मामा हलेना. "धरलं?"

तिने आपल्या लेकीकडे पाहिलं. मामी हसू दाबत होती. "बरं बाई, धरलं!" मामीची आई म्हणाली.

"सोडू?"

"सोडा."

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. मामा तिथेच उभा, गाल मुलीच्या टाळूला टेकलेला. धंद्यात आल्यापासून पहिल्यांदाच, समोरच्याने सोड म्हटलं आणि मामाने सोडलं नाही.