सईची बरणी

बोलणं अडलेल्या मुलांना बोलतं करायच्या कामात किस्से आपोआप साठतात, धुवायच्या कपड्यांसारखे. आमच्या दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या क्लिनिकमधले बरेचसे मी हसत सांगते. सईचे मात्र अजून जपून सांगते.

गुडगावात नव्या सोसायट्या उगवत होत्या, तेव्हा तिच्या बाबांनी तिथे फ्लॅट घेतला. जिन्याला अजून कठडा बसायचा होता. साडेतीन वर्षांची सई तिथून पडली. मेंदूला मार लागला, उजव्या हातातलं बळ गेलं आणि चुरूचुरू बोलणारी पोर गप्प झाली. तिची आई एवढंच विचारायची, "मॅडम, पुन्हा बोलेल ना?"

*

बाबांनी उपाय काढला. केबल घेतली! दिवसभर कानावर शब्द पडतील म्हणे. मी भडकले. "टीव्ही बोलतो हो, पण समोरच्याचं ऐकून घेतो का?" केबल गेली. सईचे आजोबा, नाना, मॅच हुकली म्हणून आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

आईची तऱ्हा वेगळी. सईला विचारावं, काय खाल्लंस, की आई म्हणणार, पोहे. शेवटी मी आईला तोंडात पाण्याचा घोट धरून बसायला लावलं. तिचे फुगलेले गाल बघून सई आवाज काढून हसली, अपघातानंतर पहिल्यांदा. आईला ठसका लागला आणि माझी साडी भिजली.

*

मग बरणी. काचेच्या बरणीत शंकरपाळे, झाकण घट्ट. सई मागेल तेव्हाच उघडायचं. नुसता आवाज काढला तरी चालेल. पण तिने बघितलं रे बघितलं, की नाना झाकण उघडून मोकळे.

"नाना, तुम्ही तिचा शब्द खाताय."

"अच्छा, म्हणजे पोरगी रडतेय आणि मी बघत बसू?" ते तडक बाहेर गेले.

*

थंडीत सईला फिट आली. हॉस्पिटलमधून परतली तेव्हा हसणंही थांबलं होतं. आईने तो प्रश्न विचारायचं सोडून दिलं. ते मला जास्त लागलं.

*

तरी बरणी ठेवतच राहिलो. एकदा आई गाल फुगवून बसलेली, नाना शेजारी, मी समोर. सईने डाव्या हाताने बरणी ओढली, पोटाशी धरली. उजवा हात झाकणावर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिचे ओठ थरथरायला लागले. नानांना राहवलं नाही, त्यांनी हात पुढे केला.

सईने तो ढकलला.

"मी."

झाकण निघायला पुष्कळ वेळ लागला. आम्ही तिघंही थांबलो.