शेपटीचा राखणदार

त्याने माझ्या नडगीवर काठी घातली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला आला नाही. हेलिकॉप्टरचा पंखा फिरत होता, त्यात कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. डोक्यावरच्या वाळूच्या पोत्यासकट मी बांधावरून खाली गडगडले.

मारणारा विमानदलातला शिपाई होता, साताऱ्याकडचा. हातात कायम काठी आणि तोंडात एकच बोलणं, "पाय मोडीन." बायकांना म्हणायचा, पाटलांना म्हणायचा. एकदा स्वतःच्या साहेबाला म्हणाला आणि मग सलाम ठोकला.

स्वातंत्र्याला दहा वर्षं होत आली होती. चाकणकडे तुम्ही आज कंपन्या बघता, तिथे तेव्हा आमची बाजरी होती. निघोज्याच्या माळावर फौजेने परदेशातून घेतलेलं एक हेलिकॉप्टर आणलं. भर उन्हात ते किती जवान उचलून डोंगरावर नेतं, हे बघायचं होतं. खरे जवान पडून मेले तर पंचाईत, म्हणून त्यांच्या जागी वाळू. दोन पोती म्हणजे एक जवान. पोती भरायला आम्ही गावच्या बायका रोजावर होतो.

पोतं जड झालं की तो म्हणे, "ह्याचं पोट सुटलंय वहिनी, घमेलंभर काढा." हलकं भरलं तर म्हणे, हा तापानं उठलेला दिसतोय, ह्याला नका पाठवू.

त्याची थट्टा हेलिकॉप्टरच्या शेपटीपाशी संपायची. शेपटीला एक लहान उभा पंखा होता. फिरायला लागला की दिसायचाच नाही. मागे शेताचा बांध होता आणि बांधावर उभं राहिलं की ते पातं बरोबर डोक्याला येई. जागा बदला असं त्याने साहेबाला सांगून पाहिलं. सपाट जागा तेवढीच आहे, असं साहेब म्हणाला.

पहिल्याच आठवड्यात एक शेळी बांधावर चढली आणि तिचं मुंडकं उडालं. त्याने ते धड पायाला धरून गावभर ओढत नेलं, रक्त सांडत. प्रत्येक दाराशी थांबून लोकांना बघायला लावलं. शेळीवाल्याने त्याच्या थोबाडीत दिली. ती खाऊन तो पुढच्या दाराशी गेला.

तरी आम्ही मागूनच जायचो. त्या यंत्राचं तोंड फुगीर, थेट वळूसारखं. मारक्या जनावरासमोरून कुणी जात नाही, शिंगं चुकवून मागून जातात, हे आम्हाला चालता यायला लागल्यापासून ठाऊक. तो रोज उलटं शिकवायचा. "हे मागून मारतं. समोरून या, मला दिसाल असं या." आम्ही माना डोलवायचो आणि पाय पुन्हा मागे वळायचे.

त्या दिवशी एक पोतं फाटलं. दुसरं आणा, अशी यंत्र चालवणाऱ्या साहेबाने आतून हाताने खूण केली. मी पोतं डोक्यावर घेऊन सरळ बांधावर चढले. पातं माझ्यापासून हातभर राहिलं असेल. हाक मारून उपयोग नव्हता आणि धरायला त्याचा हात पुरत नव्हता. काठी पुरली.

पलीकडच्या शेतात काम करणाऱ्या माझ्या दिराला लांबून एवढंच दिसलं की एक परका माणूस आपल्या भावजयीला मारतोय. तो आणि त्याचे दोन सोबती फावडी घेऊन बांधावर चढले. शेपटीकडे पाठ करून, काठी दोन्ही हातांत आडवी धरून शिपाई मध्ये उभा राहिला. दिराने फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर घातला. दात पडले, हनुवटीवरून रक्त आलं. त्याने उलट मारलं नाही. काठी तिघांच्या छातीला लावून तो त्यांना खाली रेटत राहिला.

दीर पुढे मला म्हणाला, "वैनी, त्यो पार माझ्या तोंडाशी येऊन वरडत व्हता, मागं पंखा हाय, मागं पंखा हाय. मला वाटलं, भ्यालाय."

शेवटच्या रेट्याने तिघेही बांधाखाली माझ्या अंगावर आले. त्याच रेट्याने तो एक पाऊल मागे गेला. पातं खांद्यातून मानेपर्यंत गेलं. आमच्या अंगावर रक्त आणि हाडांचा चुरा पडला. पातं तुटून बाजरीत गेलं, यंत्र गरकन फिरलं, मग साहेबाने ते बंद केलं.

नवं पातं बसवून त्यांनी हेलिकॉप्टर नेलं. पुढे तसलीच यंत्रं सरहद्दीवरून जखमी जवान आणतात, असं ऐकलं.

माझा पाय वाकडा जुळला. दीर नातवंडं बघून गेला, त्याचा एक सोबती अजून आहे. साहेबाला खरचटलंसुद्धा नाही. त्या बांधावर आम्ही गावचे जेवढे चढलो होतो तेवढे सगळे वाचलो. तो मेला.